मिसीची होडी आणि हमदानचा कान

जुनी होडी विकत घ्यायची तर आधी हमदानला गाठा, असं मलेशियातल्या लांकावी बेटावर, होड्यांच्या यार्डात कुणीही सांगितलं असतं. रंगारी, इंजिनवाले, शिडं शिवणारे, सगळेच. एकटा दलाल रेदझुआन तेवढा सांगत नसे. "त्या म्हाताऱ्याला होडीपाशी नेलं की माझी दलाली गेलीच समजा," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि तरी दर ईदला हमदानच्या घरी बांबूत शिजवलेला भात खायला सगळ्यात आधी हजर असायचा.

जग हिंडून आलेल्या शिडाच्या होड्या लांकावीत येऊन विकायला लागतात. मालक थकतात, गुडघे जातात, नातवंडं बोलावतात. मग क्रेननं होडी पाण्याबाहेर काढतात, टेकू लावून जमिनीवर उभी करतात आणि गिऱ्हाईक येतं. दिसायला सगळ्याच होड्या गोजिऱ्या. पण फायबरच्या थरांमध्ये पाणी शिरलेलं असलं, कुठं थर सुटलेला असला, तर तो दोष वरच्या रंगातून दिसत नाही. तो ऐकावा लागतो. माठ घेताना बायका बोटानं टिचकी मारून बघतात ना, तसं हमदान नायलॉनच्या डोक्याची छोटी हातोडी घेऊन अख्खी होडी वाजवायचा, चार-चार बोटांच्या अंतरानं, नाळेपासून सुकाणूपर्यंत. जागा निरोगी असेल तर टणक आवाज येई. आत काही बिनसलं असेल तर बद्द. बद्द वाजलं की तो खडूनं गोल काढायचा आणि पुढं सरकायचा. कधीकधी होडी खडूनं इतकी भरून जाई की मालक तोंड फिरवून उभा राही.

हे तो बापाकडून शिकला होता. बाप कुआला तेरियांगला कोळ्यांच्या लाकडी होड्या बांधायचा आणि फळी घेण्याआधी ती वाजवून बघायचा. पुढं लाकूड महागलं, बाप गेला आणि हमदान चोविसाव्या वर्षी यार्डात ग्राइंडर चालवायला लागला. वीस वर्षं त्यानं होड्यांचे तळ घासले. नाकावर फडकं बांधायचा. कानांवर काहीतरी घालावं असं तेव्हा कुणालाच सुचलं नव्हतं. एकदा एका परदेशी तपासनिसाला न सापडलेली भेग त्यानं जाता जाता बोटानं दाखवली, आणि त्या दिवसापासून ग्राइंडर सुटून हातात हातोडी आली. त्या हातोडीवर त्यानं घर बांधलं आणि मुलीला शिकवलं. मुलगी इझ्यान हिशेबनिशी शिकली, दोन वर्षं बँकेत बसली, आणि "अबाह, मला तिथं झोप येते," असं म्हणून यार्डात होड्यांच्या तळाला रंग द्यायला परत आली. आईनं, कलसोमनं, चार दिवस अबोला धरला होता.

मिसी गाइक आली तेव्हा हमदानला एकोणसाठावं वर्ष लागलं होतं. तिचं खरं नाव ओई गाइक चू, पेनांगची. पस्तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स, आणि तिकडं नर्सला सगळे मिसीच म्हणतात, म्हणून यार्डातही ती पहिल्याच दिवशी मिसी झाली. वय एकसष्ट, अंगानं काटकुळी, पायात रबरी चपला. लग्न केलं नव्हतं. सुट्टी मिळाली की दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून जायची, दोनदा हिंदी महासागर अर्धा ओलांडून आली होती. पण होडी नेहमी दुसऱ्याची, सुकाणू नेहमी दुसऱ्याच्या हातात, आणि स्वयंपाक कुणी करायचा हे न विचारताच ठरलेलं.

"आता निवृत्त झालेय," ती हमदानला म्हणाली. "मला पार हिंदी महासागरात, कोकोस बेटांवर जायचंय. माझ्या होडीनं. नूडल्स उकडायच्या तर माझ्यापुरत्या."

"एकटीच?"

"का, तुम्हाला यायचंय?"

हमदान हसला. तो असा पटकन हसणारा माणूस नव्हता.

पहिली होडी रेदझुआननं दाखवली. चव्वेचाळीस फुटी, पांढरीशुभ्र, सागाच्या पट्ट्यांचा डेक, आत वातानुकूलन, खिडक्यांना निळे पडदे. रेदझुआन मिसीशी बोलतच नव्हता. तो बोलायचा हमदानशी, ज्याला यार्डात सगळे पाक, म्हणजे काका, म्हणत. "पाक, मॅडमना सांगा, फ्रिज दोन आहेत. मॅडमना सांगा, गाद्या नव्या आहेत."

मिसी खाली केबिनमध्ये गेली, दोन मिनिटांनी वर आली. "अत्तर कुणी मारलंय?"

"ताजं वाटावं म्हणून, मॅडम."

"आमच्या वॉर्डात जखम चिघळली की नातेवाईक असंच अत्तर आणायचे," ती म्हणाली. "खाली डिझेल गळतंय."

तोवर हमदान डेकवर गुडघे टेकून बसला होता. प्रत्येक पट्टीला स्क्रू, प्रत्येक स्क्रूतून पाणी खाली झिरपलेलं. डावी बाजू अख्खी ओल्या पुठ्ठ्यासारखी वाजली. त्यानं खडू खिशात टाकला. गोल काढायचे तर सगळ्या डेकचाच एक काढावा लागला असता.

दुसरी लोखंडी, अडतीस फुटी, फ्रेंच जोडप्याची. स्वस्त होती आणि रंग इतका जाड होता की हमदानला लगेच शंका आली. तो आत शिरला, मोरीखालची फळी उचलली आणि नेहमीपेक्षा हलक्या हातानं हातोडी मारली. गंजलेल्या पत्र्यातून हातोडी आरपार गेली. खाली सावलीत डबा खात बसलेल्या रंगाऱ्यांना होडीच्या तळातून नायलॉनचं एक पांढरं डोकं बाहेर आलेलं दिसलं, आणि त्यांनी जो गलका केला तो फाटकापर्यंत ऐकू गेला.

"पाक हमदान!" रेदझुआन किंचाळला. "बघायला सांगितलं होतं, फोडायला नाही!"

"मी फोडली नाही," हमदान भोकातून म्हणाला. "दार उघडंच होतं."

मिसी हसून हसून टेकूला धरून खाली बसली. फ्रेंच बाई आधी रागावली, मग रडली, मग मिसीच्या शेजारी बसून हसायला लागली. नवऱ्याला ती केव्हापासून सांगत होती म्हणे, की मोरीखाली काहीतरी आहे.

तिसरी होडी कुणी दाखवली नाही. ती यार्डाच्या कोपऱ्यात इंजिनच्या शेडमागं उभी होती. छत्तीस फुटी, जुनी, लांब खोल कण्याची, उन्हानं विटलेल्या हिरव्या रंगाची. यार्डातली माणसं तिला काकडी म्हणत. खरं नाव माग्दा. मालक आर्विड नावाचा नॉर्वेजियन म्हातारा सतरा वर्षं तीत राहिला होता. आता त्याला शिडीच चढवत नव्हती, म्हणून तो होडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचा आणि आल्यागेल्याला कॉफी पाजायचा.

मिसीनं तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग आर्विडला विचारून वर गेली आणि तासभर खाली आलीच नाही. तिनं तळातली पाण्याची खोबण उघडून बघितली, कोरडी होती. इंजिनचं तेल बोटांत घासून बघितलं. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांवरून कापूस फिरवला, कुठं अडकतोय का ते बघायला. शेवटी अरुंद बाकावर आडवी झाली. पाय बरोबर पुरले. खाली आली तेव्हा चेहरा असा की रेदझुआननं तो बघितला असता तर किंमत दीडपट केली असती.

"वाजवा," ती हमदानला म्हणाली. "आणि वाईट असेल तर लवकर सांगा. फार जीव जडायच्या आत."

हमदाननं दोन तास वाजवली. एक-दोन जागी खडू टेकवला, बारीकसारीक होतं. शेजारच्या होडीखाली इझ्यान रोलरनं रंग देत होती. दुपारी चारला हमदान म्हणाला, "काकडी चांगली आहे, मिसी. जुन्या काळची जाड होडी आहे. घ्या." मिसीनं आर्विडचा हात हातात घेतला, दुसऱ्या दिवशी दहा वाजता इसार द्यायचं ठरलं, आणि त्या संध्याकाळी हमदान जड पिशवी खाली ठेवल्यासारखा मोकळा होऊन घरी आला.

जेवताना इझ्याननं विचारलं, "अबाह, सुकाणूच्या जरा पुढं, डाव्या अंगाला, ते किती मोठं आहे?"

"काय किती मोठं?"

"बद्द वाजलं ते. हातभर तरी असेल ना? तुम्ही खडू मारला नाहीत, मला वाटलं नंतर बघणार असाल."

हमदानचा हात ताटातच राहिला. "तिथं काही नाहीये."

"मी दहा हातांवर होते, मला ऐकू—"

"तू रंग दे," तो म्हणाला. "वाजवायचं माझं मी बघतो."

कलसोमनं मुलीकडे बघितलं आणि माशाचं भांडं पुढं सरकवलं.

त्याला माहीत नव्हतं असं नाही. वर्षभरापासून फोन डाव्या कानाला लागत होता. मशिदीतली बांग उजवीकडून लांबची वाटायची. कारागीर हळू बोलतात म्हणून तो त्यांच्यावर खेकसायचा. या सगळ्याचं त्यानं आपल्यापुरतं काहीतरी कारण लावून ठेवलं होतं. पण हातोडीपर्यंत ते येईल असं त्यानं मनाला कधी म्हणू दिलं नव्हतं.

सकाळी फाटक उघडताच तो काकडीपाशी गेला. सुकाणूच्या पुढं, डाव्या अंगाला वाजवलं. टण. वर वाजवलं. टण. खाली. टण. सगळं सारखंच. त्याला तसंच ऐकू येत होतं. मग त्यानं डावा तळहात होडीला सपाट टेकवला आणि उजव्या हातानं पुन्हा वाजवत गेला. एके जागी हातोडी परत उडाली नाही. किंचित रुतल्यासारखी थांबली, आणि तळहाताखाली नेहमीची झिणझिण आली नाही. त्यानं तिथं खडूचा गोल काढला. हातभर लांब निघाला. इझ्याननं सांगितलं होतं तेवढाच.

तो तिथंच वाळूवर बसला. आजवर किती होड्या वाजवल्या, आणि त्यातल्या या एका वर्षात चांगल्या म्हणून दिल्या किती, याची त्यानं मनात उजळणी केली. सहा. त्यांतल्या पाच अजून बेटावरच होत्या, त्या पुन्हा तपासता आल्या असत्या. सहावी फुकेतला होती. मग तो उठला, स्कूटर काढली आणि कुआ गावात गेला.

मिसी उतरली होती त्या खोलीखालीच कॉफीचं दुकान होतं. ती तिथं नारळाचा गोड काया लावलेला पाव खात होती. समोर पैशांचं पाकीट.

"मिसी, इसार देऊ नका," हमदान उभ्या उभ्याच म्हणाला. "काकडीला मागं दुखणं आहे. काल मला ऐकू आलं नाही."

"बसा आधी."

"बसायला आलो नाही. माझा उजवा कान गेलाय. डावाही धड नसावा. मी तुम्हाला चांगली म्हणून सांगितली आणि मला ऐकूच आलं नव्हतं. माझ्या पोरीला दहा हातांवरून ऐकू आलं. काल घरी तिनं सांगितलं तर मी तिच्यावरच ओरडलो." त्याचा आवाज जरा मोठाच लागला होता. शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. "तुमचे पैसे परत करतो. दुसरा तपासनीस पेनांगहून बोलवा. त्याचा खर्च माझा."

मिसीनं पाव खाली ठेवला. "उजवा कान ना? पहिल्या दिवसापासून बघतेय. मी उजवीकडून बोलले की तुम्ही मान वळवता. कानाच्या वॉर्डात अकरा वर्षं काढलीत मी."

हमदाननं उजव्या कानाला हात लावला. "मग मला ठेवलं कशाला?"

"तो रेदझुआन दोन धडधाकट कान घेऊन फिरतोय, त्यानं माझं एक वाक्य ऐकलं नाही. तुम्ही मान वळवून का होईना, ऐकत तरी होतात." तिनं खुर्ची पायानं त्याच्याकडे ढकलली. "पेनांगहून मी आधीच एकाला बोलावलंय, परवा येतोय. समुद्रात एकटी जाणारी बाई एकाच माणसावर विसंबत नाही, रागावू नका. त्याला ते सापडलंच असतं. पण तुम्ही येऊन सांगाल का, ते मला ठाऊक नव्हतं. आता बसता का? कॉफी गार होतेय, आणि तुमच्यासाठी मी सांगितलेलीसुद्धा नाहीये अजून."

तेव्हा कुठं तो बसला.

आर्विडला सांगायला तिघं गेले, हमदान, मिसी आणि इझ्यान. म्हाताऱ्यानं वाकून खडूचा गोल बघितला. "अकरा वर्षांपूर्वी प्रवाळावर घासली होती," तो म्हणाला. "मीच दुरुस्त केली. वाटलं होतं, झाली. म्हणजे अकरा वर्षं ती मला तशीच घेऊन हिंडली." त्यानं होडीवर हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. मग घासाघीस न करता त्यानं दुरुस्तीइतकी किंमत आपणहून उतरवली, आणि सगळ्यांना कॉफी केली.

पेनांगच्या तपासनिसालाही त्यापलीकडं काही सापडलं नाही, आणि दुरुस्ती हमदान आणि इझ्याननं केली. सुटलेला थर घासून काढला, जागा तीन आठवडे वाळू दिली, मग एकेक थर चढवला. या वेळी ग्राइंडर हातात घेताना इझ्याननं बापाच्या कानांवर जाडजूड झाकणं चढवली.

"आता काय वाचवायचंय?" तो म्हणाला.

"जे उरलंय ते," ती म्हणाली. "आणि परवाचं ओरडणं मी विसरलेले नाही, अबाह."

"मी पण नाही," तो म्हणाला. "चुकलो पोरी."

वाळायच्या त्या तीन आठवड्यांतच मिसी त्याला फेरीबोटीतून आलोर सेतारच्या इस्पितळात घेऊन गेली. तिथं तिच्या हाताखाली शिकलेली एक बाई होती, ती मिसीला बघून ताडकन उभी राहिली. तपासणीत काही लपलं नाही. ग्राइंडरनं नेलेलं परत येणार नव्हतं. यंत्र लावून माणसांचं बोलणं नीट ऐकू येईल, पण हातोडीतला बारीक फरक, तो नाही. हमदाननं मान हलवली. येताना फेरीबोटीत मिसी त्याच्या डाव्या अंगाला बसली. शेंगदाण्याची पुडी मधे ठेवली.

यंत्र लावून पहिल्यांदा घरात शिरला तेव्हा कलसोम भांडी घासता घासता पुटपुटत होती.

"इतकं बोलतेस तू?" तो दारातच थबकला.

"अगं बाई, ऐकू आलं!" ती म्हणाली. "वर्ष झालं, मी मोठ्यानं बोलायचं सोडूनच दिलं होतं. म्हटलं, याला आता माझं नकोच असेल." आणि फडक्याला हात पुसता पुसता तिचे डोळे भरून आले. हमदान तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "सगळं पुन्हा सांग. पहिल्यापासून." ती त्या दिवशी खरंच बराच वेळ सांगत होती.

बेटावरच्या पाचही होड्या बापलेकीनं पुन्हा वाजवल्या, फुकट. एकीत दोष निघाला, तो भरून दिला. फुकेतच्या मालकाला कळवलं, त्यानं तिथं तपासून घेतली, ठीक निघाली. मग हमदाननं यार्डात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की यापुढं वाजवायचं काम इझ्यान करील.

"पोरगी?" रेदझुआन म्हणाला. "पाक, तुमचा एक कान गेला तेव्हा मला जरा बरे दिवस येतील वाटलं होतं. तुम्ही तर दोन नवे कोरे आणलेत."

"आणि मी तोंडानंही वाजवते, अंकल," इझ्यान म्हणाली. "तुमची ती चव्वेचाळीस फुटी पुन्हा जाहिरातीत बघितली. 'डेक उत्तम' लिहिलंय."

जानेवारीत ईशान्येचा वारा नीट धरला तेव्हा काकडी पाण्यात उतरली. कुठं थेंबभर पाणी आलं नाही. दोन दिवस मिसीनं ती बेटाभोवती फिरवून आणली आणि तिसऱ्या दिवशी हमदानच्या घरी जेवायला आली तेव्हा सरळ विषय काढला. "पाक हमदान, इंडोनेशियातल्या साबांगपर्यंत चला माझ्याबरोबर. तीन दिवस. इतक्या होड्या जमिनीवर उभ्या करून वाजवल्यात, एक तरी चालताना बघा."

खरंच होतं ते. किनारा दिसेनासा होईल इतका लांब तो शिडाच्या होडीतून कधी गेलाच नव्हता.

"माझा पासपोर्ट—"

"मक्केला उमराहसाठी काढलाय तो कपाटात आहे," कलसोम म्हणाली. "जा. मला तीन दिवस शांतता."

तो गेला. पहिल्या दुपारी बेटं मागं बुडाली आणि चहूकडं फक्त पाणी उरलं. हमदानला वाटलं होतं भीती वाटेल. वाटली ती थोडी, पण तिच्यापेक्षा नवल जास्त. मिसी सुकाणूवर होती आणि यार्डातल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसत होती. तो खाली जाऊन मागच्या बाजूला, त्यांनी बांधलेल्या जागेला हात टेकवून बसला. पाणी त्या बाजूनं सळसळत मागं जात होतं. जिथं अकरा वर्षं काही वाजलं नव्हतं तिथं हाताखाली सगळी होडी जिवंत लागत होती. त्यानं यंत्र काढून ठेवलं, तरी ती लागतच राहिली.

"काय झालं?" मिसीनं वरून विचारलं. "गळतंय का?"

"नाही," तो म्हणाला. "बघतोय."

स्वयंपाक त्यानं केला, तिन्ही दिवस. मिसीनं एकदाही आत येऊन बघितलं नाही, आणि ताट हातात आलं की दर वेळी "वा" म्हणाली. तिला कुणी वाढून दिलेलं समुद्रावर पहिल्यांदाच मिळत होतं.

साबांगला ते सकाळी पोचले. कागदपत्रं झाली, पाणी भरलं, केळी आणि लिंबं चढवली. दोन दिवसांनी मिसी दक्षिणेकडं निघाली. हमदाननं धक्क्यावरून दोर सोडला.

"तुमचे आभार मानायचे राहिलेत," तो म्हणाला.

"कशाबद्दल?" ती दोर गोळा करता करता ओरडली. "होडी तर मला मिळाली."

सांगण्यासारखं बरंच होतं, पण तोवर होडी लांब गेली होती. तो हात हलवत उभा राहिला. मग वळून बाजारात गेला, धक्क्यावरच्या टपरीत तिथली काळी कॉफी प्यायला, कलसोमसाठी सुकवलेली टूना घेतली. शुक्रवार होता. दुपारच्या नमाजाला तो चढावरच्या मशिदीत गेला आणि नमाज झाल्यावर इतर लोक उठले तरी तसाच बसून राहिला. दुआ मागताना बापाचं नाव घेतलं, आर्विडचं घेतलं, पोरीचं घेतलं, कलसोमचं घेतलं, मिसीचं घेतलं, आणि थोडं थांबून रेदझुआनचंही घेतलं.

मिसी सतराव्या दिवशी कोकोसला पोचली.